कुत्री, व्हॅन आणि परदेशी फेरीबोट : सगळं आदल्या दिवशी करा

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने गाडी नेलेल्या माणसाला जगातली कुठलीच बोट जड नाही, हे आधी मनाशी पक्कं धरा. गाडी चढवायची, हँडब्रेक ओढायचा, तिकीट डॅशबोर्डवर टाकायचं. मागे कुत्रा बसलाय, कोंबड्या बसल्यात की अख्खी वरात, कोणी वाकून बघत नाही. वेसवी-बागमांडले काय, दिघी-आगरदांडा काय, जयगड-तवसाळ काय, सगळीकडे हाच शिरस्ता. तेव्हा कुत्री आणि व्हॅन घेऊन फ्रान्समधल्या कॅलेहून इंग्लंडमधल्या डोव्हरला जायच्या दीड तासासाठी चार-पाच महिने कागदांची भेंडोळी जमवणारे लोक मुळातच घाबरट.

कोकणच्या किनाऱ्यावरून गाड्या घेऊन परदेशी जाणारी फेरीबोट नाही, तेवढी एक बारीक अडचण. म्हणून बेत असा आखावा लागतो: व्हॅन न्हावाशेवाहून कंटेनरमधून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला, तुम्ही आणि मोत्या-चिंगी मुंबईहून विमानाने ॲमस्टरडॅमला, आणि तिथून सगळे मिळून कॅलेमार्गे बोटीने ब्रिटनला. कुत्री थेट लंडनला का नाहीत? ब्रिटनमध्ये विमानाने येणारा कुत्रा माल म्हणूनच यावा लागतो. मालकाच्या गाडीत बसून बोटीने आला तर चालतो. शिवाय बऱ्याच बोटींवर पायी प्रवाशाला कुत्रा नेताच येत नाही. म्हणजे व्हॅन ही चैन नव्हे, ते कुत्र्यांचं तिकीट आहे. हे घरच्यांना पटवून झालं की कामाला लागा.

पहिला नियम: आधी लस, मग चिप, म्हणजे कुत्र्याचा ओळख-नंबर साठवणारी मायक्रोचिप. कोणी उलट सांगेल, ऐकू नका. आधी चिप बसवली, तिचा नंबर वाचून घेतला आणि मग रेबीजची लस टोचली, तर ती लस ग्राह्य धरतात आणि सगळं सरळ होऊन बसतं. चिपच्या आधीची लस मात्र युरोपच्या हिशेबी टोचलेलीच नसते, कारण ती याच कुत्र्याला टोचली याला पुरावा काय? चिप १५ आकडी, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या प्रमाणांतली लागते. बसवतात दोन खांद्यांच्या मधे, कातडीखाली. पण चिप कातडीखाली सरकते. दोन वर्षांनी ती कोपरापाशी उतरलेली सापडते आणि स्कॅनर फक्त मानेवरून फिरवला तर काही म्हणजे काही दिसत नाही. दर खेपेला दवाखान्यात ती वाचून घेणं, कुठे सापडली ते कार्डावर लिहून घेणं, असले चाळे करू नका. कॅलेच्या धक्क्यावर मागे गाड्यांची रांग लागलेली असताना मोत्याला आडवा पाडून चिप शोधण्यात जी गंमत आहे ती घरी नाही.

लसीचं कार्ड फुकट शिबिरातलं असेल तर उत्तम. त्यावर ‘रेबीज दिली’ एवढंच लिहिलेलं असतं, वर शिक्का अर्धा. बाटलीवरचं स्टिकर, बॅच नंबर, कंपनीचं नाव, लस कधीपर्यंत लागू, चिपचा नंबर, यातलं काहीही गुरांच्या डॉक्टरांकडे मागू नका, त्यांना आधीच कामं पुष्कळ. मागितलंच तर चिपचा नंबर हाताने लिहून घ्या. १५ आकड्यांत ५ चा ४ होणारच. मग चिकटवायला आलेलं बारकोडचं स्टिकर डबीत तसंच राहू द्या. आणि कार्ड लॅमिनेट करून टाका, म्हणजे पुढच्या लसीची नोंद त्यावर करताच येणार नाही.

जातीच्या रकान्यात ‘गावठी’ लिहायला लाज वाटत असेल तर भारदस्त काहीतरी घाला. ‘पिटबुल क्रॉस’ फार शोभतं. ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने पिटबुलवर बंदी आहे आणि तिथे जात कागदावरून नाही, तर कुत्र्याच्या ठेवणीवरून ठरवतात. मोत्याला बघून ते हसतील हे खरं, पण तुमच्याच हाताने दिलेला कागद वाचून आधी थांबवतील हेही तितकंच खरं.

मालक कोण, हा आपल्याकडे अतिशय ढोबळ प्रश्न. कार्ड आबांच्या नावावर, व्हॅनचं आरसी बुक बायकोच्या नावावर, बोटीचं बुकिंग तुमच्या नावावर, आणि कुत्री खरं म्हणजे वाडीची. राहू दे तसंच. नाहीतर आबांकडून सहीचं अधिकारपत्र घ्यावं लागेल, आणि नुसत्या पत्राने भागत नाही: मालकाने कुत्र्यांच्या आधी किंवा नंतर ५ दिवसांच्या आत स्वतःही तिकडे जावं लागतं, नाहीतर ती वाहतूक व्यापारी धरतात आणि सगळे नियमच बदलतात. आबांचा पासपोर्ट नाही, हे त्या वेळी आठवेल.

आता रक्ताची तपासणी. भारतातून जाणाऱ्या कुत्र्याच्या रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडं मिलीलिटरला निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक आहेत, हे युरोपियन युनियनची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून सिद्ध करावं लागतं. लस टोचून ३० दिवस व्हायच्या आत काढलेलं रक्त फुकट. म्हणून पंचविसाव्या दिवशी काढा, डॉक्टर त्या दिवशी मोकळे असतात. नमुना म्हणजे रक्त नव्हे, त्यातून वेगळा केलेला सीरम, आणि तो थंड राहायला हवा. तुम्ही रक्ताची नळी तशीच कुरियरवाल्याच्या हातात द्या. चिपळूण ते मुंबई मे महिन्यात, त्यात वडखळला दोन तास उभी गाडी. रक्तपेशी फुटतात, सीरम लाल होतो, प्रयोगशाळा नमुना परत मागते.

अहवाल बरा आला की लगेच निघता येतं, असं सोयीने समजा. प्रत्यक्षात रक्त काढल्याच्या तारखेपासून ३ महिने थांबावं लागतं. १ डिसेंबरला चिप आणि लस, ३१ डिसेंबरला रक्त, तर ३१ मार्चच्या आधी मोत्याचं पाऊल युरोपात पडत नाही. म्हणजे मे महिन्यात निघायचं तर देवदिवाळीच्या सुमारास सुई टोचलेली हवी. पण आपल्याकडे देवदिवाळीला जत्रा असतात, दशावतार असतो, तेव्हा शिमगा झाल्यावर बघू. मधे लसीची मुदत एका दिवसाने जरी संपली तरी चिपसोडून सगळं पहिल्यापासून. हीच रक्ततपासणी, मुदत न चुकवता लस देत राहिलं तर पुन्हा करावी लागत नाही, ही बातमी लसीची तारीख चुकल्यावरच वाचावी.

व्हॅनचे कागद त्यामानाने सोपे, म्हणून ते शेवटी ठेवा. कार्ने नावाचं एक पुस्तक असतं, मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देते. त्याची मुदत वर्षाची. गाडी तात्पुरती बाहेर चालली आहे, परत आणणार आहे, याची ती हमी. ज्या देशात ते लागतं तिथे आत जाताना आणि बाहेर पडताना त्याच्या पानावर कस्टमचा शिक्का घ्यायचा. बाहेर पडतानाचा विसरलात तर गाडी तिथेच विकली असं धरून जकातीची मागणी तुमच्या हमीवर येते. त्याआधी, व्हॅनवर कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला लागतो, आणि आरसीवरचा इंजिन नंबर, चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळावा लागतो. इथे कोकणची खारी हवा मदतीला येते. समुद्रापासून दोन शेतं सोडून उभ्या असलेल्या व्हॅनच्या चासीवर ठोकलेला नंबर पाच-सहा पावसाळ्यांत खवल्यांखाली जातो. डिझेलचा बोळा आणि मऊ ब्रश घेऊन तो हळूहळू मोकळा करणं, कागद धरून पेन्सिलीने ठसा घेऊन बघणं, वर ग्रीस फासून ठेवणं, हे अर्ध्या दिवसाचं काम. तुम्ही सरळ ग्राइंडर लावा. गंज जाईल, सोबत दोन आकडेही जातील, मग नंबर का खोडला हे आरटीओला सावकाश समजावता येईल.

आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतूनच मिळतो, वर्षभराचा. आपला गाडीचा विमा तिकडे चालेलच, असं एजंटला न विचारता ठरवून टाका. जादा हप्ता भरून तो बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीवपर्यंत वाढतो. कॅले त्यात बसत नाही. व्हॅनची उंची टपावरच्या कॅरिअरसकट मोजू नका. साध्या कंटेनरचं दार सुमारे २.२८ मीटर उंच असतं, हाय क्यूब म्हणजे जादा उंच कंटेनरचं २.५८. हे अंतर यार्डात, क्रेनचं भाडं चालू असताना, टेप लावून कळलं की नीट लक्षात राहतं. गॅसचा लाल सिलिंडरही आतच राहू द्या. रिकामा असला तरी आत वायू उरतो, म्हणून तो धोकादायक मालातच धरतात.

आता खरी मेख. भारत सरकारच्या पशु संगरोध (क्वारंटाइन) कार्यालयातून कुत्र्यांचे आरोग्य दाखले घ्यायचे: एक युरोपियन युनियनच्या नमुन्यातला, दुसरा ब्रिटनच्या. युरोपचा दाखला काढल्यापासून १० दिवसांच्या आत युरोपात शिरायचं, ब्रिटनचा काढल्यापासून १० दिवसांच्या आत तिथे पोचायचं. आणि व्हॅनचा कंटेनर? तो जहाजावर आठवडेच्या आठवडे असतो, बंदरात खोळंबतो, कस्टमच्या तपासणीला निघतो. शहाणा माणूस व्हॅन रॉटरडॅमच्या यार्डातून बाहेर पडून किल्ली हातात येईपर्यंत दाखल्यांना हात लावत नाही. तुम्ही मात्र व्हॅन रवाना करायच्याच दिवशी, चांगला मुहूर्त बघून, दाखलेही काढा. देवाला गाऱ्हाणं घाला. अकराव्या दिवशी कुत्री ॲमस्टरडॅमला, दाखले मुदतबाह्य, व्हॅन अजून पाण्यावर. ब्रिटनच्या वेशीवर कागद चुकला तर कुत्र्याला ४ महिन्यांपर्यंत संगरोधात ठेवतात, खर्च मालकाचा. मालक कोण, ते आधी ठरलं नव्हतंच.

जंताची गोळी घरीच पावात घालून द्या. ब्रिटनला ती पशुवैद्याच्याच हातून लागते, प्राझिक्वान्टेल असलेली, आणि ब्रिटनमध्ये पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या मधे. दाखल्यावर तारखेबरोबर वेळही लिहितात. शुक्रवारी सकाळी १० ला पोचायचं तर रविवारी सकाळी १० ते गुरुवारी सकाळी १० ही खिडकी. रविवारी तिकडे दवाखाना उघडा सापडणं मुश्कील, म्हणजे सोमवार ते बुधवार. आणि मोजायचं ते पोचण्याच्या वेळेपासून, सुटण्याच्या नाही. बोट उशिरा सुटली की ११८ तास आधी गोळी दिलेले तेव्हा हिशेबाला लागतात.

बोटीत कुत्री बहुधा व्हॅनमध्येच राहतात आणि वाटेत गाड्यांच्या डेकवर उतरू देत नाहीत. पाणी ठेवा, काच खाली ठेवा. पण अलार्म चालूच ठेवा. आत कुत्र्याने कूस बदलली की तो कोकलतो, आणि आपली गाडी कुठे आहे ते वरच्या मजल्यावर बसून समजतं.

इंग्लंडात लेस्टरला राहणाऱ्या बहिणीसाठी हापूसची पेटी आणि घरचं तूप घ्यायलाच हवं. युरोपात शिरताना आंब्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, तूप-पेढे-मटण भारतातून आणायला बंदी, मांस असलेलं कुत्र्यांचं कोरडं खाणंसुद्धा काढून घेतात. नारळ मात्र बिनकागदाचा जातो. नारळ, केळी, अननस, फणसासारखं दिसणारं ड्युरियन आणि खजूर एवढ्यांनाच सूट आहे. सुकी मासळीही मर्यादेत चालते, पण कंटेनरमध्ये चार आठवडे बंद राहिलेल्या बोंबलांच्या वासात मोत्या-चिंगी तपासनिसाकडे लक्ष देणार नाहीत.

राहिला तुमचा व्हिसा. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा, सिंगल एंट्री घ्या, ब्रिटनचा वेगळा घ्या. कॅलेहून बोटीत चढलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, ती एंट्री संपली. परतीला डोव्हरच्या धक्क्यावरच फ्रान्सचे पोलीस पासपोर्ट बघतात. कुत्र्यांना परतीचा नवा दाखला ब्रिटनमधल्या अधिकृत पशुवैद्याकडून मिळतो, व्हॅनचं तिकीट काढलेलं आहे, अडकलेले फक्त तुम्ही. लेस्टरच्या भाच्याच्या नावाने अधिकारपत्र लिहा आणि किल्ली त्याच्या हातात द्या. ते ५ दिवसांचं मात्र त्याला सांगू नका.