पर्पज ऑफ व्हिजिट

इतिहासाच्या प्राध्यापकाने घरात एक गोष्ट कधी सांगू नये, ती म्हणजे आपल्याला हवे असलेले कागद कुठल्या शहरात आहेत. 'डच कंपनीच्या वेंगुर्ल्याच्या वखारीवर काम करतीये' एवढं म्हटलं की घरातला माणूस मान हलवून टीव्हीकडे वळतो, कुणाला काही त्रास नाही. पण ग्रँट मंजूर झाल्याचं पत्र आलं, ते नवऱ्याने मोठ्याने वाचलं आणि त्यात लंडन, हेग, लिस्बन अशी तीन नावं एका ओळीत निघाली. तेव्हापासून माझा येता संशोधन दौरा हा माझा राहिलेला नाही.

मुलीने लगेच नकाशा उघडला. तिचं म्हणणं, हेगहून लिस्बनला जाताना पॅरिस 'वाटेतच' लागतं. नकाशावर बोट ठेवलं तर लागतंही, त्यामुळे वाद घालायची सोय नाही. नवऱ्याच्या साठलेल्या रजा लॅप्स होणार होत्या म्हणे, ही बातमी मला त्याच दिवशी कळली. नणंद लंडनपासून दोन तासांवर राहते, तिचा फोन आला की एवढ्या लांब येऊन आमच्याकडे चार दिवस नाही राहिलात तर बघा, आणि मी म्हटलं अगं मला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे रेकॉर्ड्स बघायचेत, तर ती म्हणाली बघ की, किती वेळ लागतो त्याला. आता हे रेकॉर्ड्स, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचं आणि नंतरच्या ब्रिटिश राजवटीचं हिंदुस्थानविषयीचं दफ्तर, शेल्फच्या हिशोबाने चौदा-एक किलोमीटर आहेत. चालत जायचं म्हटलं तरी तीन तास लागतील, वाचायचं तर सोडाच.

मूळ भांडण काय आहे, की वाचणं हे काम आहे हे घरात कुणालाच पटत नाही. मी प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या हलवत असते तर 'हिला डिस्टर्ब करू नका' झालं असतं. पण मी जाणार, बॅग लॉकरमध्ये ठेवणार, पेन बंदी असल्यामुळे एक शिसपेन्सिल घेऊन आत बसणार आणि दिवसभर कुणा वखारवाल्याची मिरीच्या भावाबद्दलची कुरकुर वाचणार, हे ऐकल्यावर नवरा म्हणतो, "म्हणजे तू दुपारी फ्री आहेस." रीडिंग रूममध्ये मी बसणार ते कामाच्या दिवसांत, म्हणून मी तह केला की शनिवार-रविवार तुमचे, बाकीचे माझे. पण त्यांच्या शनिवाराला गुरुवारपासूनच कोंब फुटतात, कारण 'शुक्रवारी निघालो तर गर्दी लागेल'.

या सगळ्यात माझ्या बाजूने बोलणारा एकच निघाला, शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा नियम. लोक या नियमांना शिव्या घालतात, मला तर ते पाठ करावेसे वाटले. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, तर जो दौऱ्याचा मुख्य देश त्याच्याकडे, म्हणजे सरळ हिशोबात जिथे जास्त दिवस मुक्काम तिथे, आणि दिवस सारखेच असतील तर जिथे आधी शिरणार तिथे. मी सगळ्यांना बसवून सांगितलं की पॅरिसचे दिवस वाढले तर मुख्य देश फ्रान्स होतो, मग अर्जातल्या 'पर्पज ऑफ व्हिजिट'मध्ये 'पर्यटन' लिहावं लागेल, आणि ते ग्रँट देणाऱ्यांनी बघितलं तर तिकिटाचे पैसे माझ्या पगारातून. पगाराचं नाव काढल्यावर पॅरिस एका रात्रीवर आलं. मुलगी दोन दिवस बोलली नाही, पण नियम तो नियम.

ब्रिटनचा व्हिसा अर्थातच वेगळा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ब्रिटनचा तीनच महिने आधी, पासपोर्ट प्रत्येकाचा एकच, आणि तो एका ठिकाणी जमा केला की दुसरीकडे काय दाखवणार? त्यामुळे मी एक तक्ता केला, त्यात चौघांचे पासपोर्ट कधी कुठे असतील ते रंगाने दाखवलंय. पीएचडीच्या वेळी मी इतका चांगला तक्ता केला नव्हता. इन्स्टिट्यूटच्या अकाउंट्सवाल्यांना मात्र तो आवडला नाही, त्यांना तीन कोटेशन्स, परतल्यावर बोर्डिंग पासचे तुकडे आणि 'सोबतचे कुटुंबीय स्वखर्चाने' असं प्रत्येक पानावर सहीनिशी हवंय. त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही, बिलं अजून पास व्हायचीयेत.

मग नवऱ्याने एक दिवस गुगल केलं. माझ्या विषयात त्याने पहिल्यांदाच काही शोधलं आणि नेमकं हे शोधलं, की हेगच्या नॅशनल आर्काइव्हमधलं डच कंपनीचं दफ्तर मोठ्या प्रमाणावर स्कॅन होऊन ऑनलाइन आलंय. १६०२ पासून १७९९ पर्यंतची कंपनी, लाखो पानं, घरबसल्या, फुकट. "मग हेग कशाला?" हा प्रश्न त्याने इतक्या शांतपणे विचारला की मी मूळ कागद, शाई, समासातल्या खुणा, सूचीत न सापडणाऱ्या गोष्टी असं बरंच काही बोलले आणि ते सगळं खरं आहे, तरी हेगचा एक दिवस गेलाच. तो कुठे गेला हे सांगायला नको. मुलगी आता बोलते.

लिस्बनचेही काही कागद ऑनलाइन आलेत, ते मी सांगायला गेले नाही. उलट लिस्बन वाचवण्यासाठी मी जेवताना सगळ्यांना तोर्रे दो तोंबोची, म्हणजे पोर्तुगालच्या तिथल्या राष्ट्रीय दफ्तरखान्याची गोष्ट सांगितली. हे दफ्तर १३७८ पासूनचं, किल्ल्याच्या बुरुजात ठेवलेलं. १७५५ च्या भूकंपात लिस्बन कोसळलं, बुरुजही कोसळला, आणि दफ्तराचा प्रमुख मानुएल दा माया, पंचाहत्तरी ओलांडलेला इंजिनियर, त्याने ढिगाऱ्यातून कागद काढवले, लाकडी आडोसा उभारून ते सांभाळले, वर पुन्हा शहर नव्याने कसं बांधायचं याचे आराखडेही केले. मी अगदी रंगवून सांगितलं. मुलीने मोबाइल खाली ठेवला, यावरून कल्पना करा.

सासऱ्यांनी विचारलं, "किती वर्षांचा म्हणालीस?"

"अठ्ठ्याहत्तरच्या आसपास, बाबा."

बाबांना पुढच्या महिन्यात अठ्ठ्याहत्तर पूर्ण होतील. रिटायर झाल्यावर त्यांनी मोडीचा क्लास केला होता, त्यानंतर घरातल्या वाण्याच्या याद्याही मोडीत लिहून सगळ्यांची पंचाईत करून झाली होती. त्यांनी विचारलं, तिकडे मोडी कागद आहेत का? मी म्हटलं लंडनला आहेत. "मग मी येतो. तुझ्याबरोबर बसेन. हे लोक फिरू देत." नवरा म्हणाला बाबा या वयात एवढा प्रवास, त्यावर बाबांनी फक्त "मानुएल" एवढंच म्हटलं.

आता तक्त्यात पाचवा रंग आहे. शेंगेनला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय विमाकवच लागतं आणि अठ्ठ्याहत्तरीचा प्रीमियम बघून एजंटनेच मला बसायला खुर्ची दिली. बाबांना त्याचं काही नाही. त्यांनी पेन्सिलींचा बॉक्स आणलाय आणि ब्रिटिश लायब्ररीत बसून वाचायला लागणाऱ्या रीडर पासची माहिती काढून बसलेत. त्यासाठी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. लाइट बिल बाबांच्या नावावर, टॅक्सची पावती बाबांच्या नावावर, गॅससुद्धा त्यांच्याच. माझ्या पासपोर्टवर अजून माहेरचा पत्ता आहे. काल म्हणाले, "तू काळजी करू नकोस, तुला नाही मिळाला पास तर काय बघायचंय ते लिहून दे, मी उतरवून आणतो. मोडीत."