‘सोनोग्राफी नॉर्मल आहे, लग्न झालं की थांबेल’: या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

महिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरत असतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, गाभा तोच. वयात आलेल्या मुलीचं ओटीपोट दुखतंय म्हणून घाबरू नका, पाळीत दुखतंच, शरीर शुद्ध होत असतं. दुखायच्या गोळ्या देऊ नका, पिशवी खराब होते. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे काही नाही, मुलगी बहाणे करतेय. पीसीओडी (बीजकोशात बारीक पुटिका दिसणारा हार्मोनचा विकार) निघालं तर कारण सापडलं. कुमारिकेला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेऊ नका, आतून तपासतात. लग्न होऊन एक मूल झालं की सगळं आपोआप थांबतं.

यातला पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच बाकीचं खपून जातं.

‘पाळीत दुखतंच.’ पुष्कळ मुलींच्या बाबतीत हे बरोबर आहे. पाळी येताना गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांनी गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो, त्याचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी पडतो आणि कळा येतात. हीच द्रव्यं आतडीही चाळवतात, म्हणून पहिल्या दिवशी मळमळ, जुलाब होतात. या साध्या दुखण्याची एक ठरलेली चाल असते. पहिली पाळी आल्यावर साधारण सहा महिने ते दोन वर्षांत ते सुरू होतं, पाळीच्या आदल्या रात्री किंवा पहिल्या दिवशी येतं, दोन-तीन दिवसांत ओसरतं, आणि गोळीला व शेकाला दाद देतं. शुद्धीचा यात काही संबंध नाही. पाळीचं रक्त म्हणजे गळून पडलेलं अस्तर, त्यात शरीरातली घाण नसते.

चाल मोडली की मात्र शोध सुरू करायचा. पाळी नसतानाही दुखतं. पहिल्याच पाळीपासून असह्य दुखतं आणि दर महिन्याला वाढत जातं. नेहमी एकाच बाजूला दुखतं. शौचाला किंवा लघवीला बसलं की कळ येते. दुखण्याने झोपेतून जाग येते. ताप येतो, वजन उतरतं. दर महिन्याला शाळा किंवा क्लास बुडतो. यातलं एक असलं तरी ‘होतं असं’ म्हणून सोडून देऊ नये.

एक प्रकार घरच्यांच्या लक्षातच येत नाही. मुलगी वयात आल्याची बाकीची लक्षणं दिसतात, पाळी अजून आलेली नाही, पण दर महिन्याला चार दिवस पोट दुखतं. अशा वेळी योनिमार्गाच्या तोंडाचा पडदा पूर्ण बंद असू शकतो. पाळी आतल्या आत साचत राहते, एखाद्या दिवशी लघवीच अडते. हे निदान नुसत्या बाहेरून पाहण्याने होतं आणि उपचार एका छोट्या शस्त्रक्रियेचा असतो. तरी पोटदुखीच्या औषधांवर महिनेच्या महिने निघून जातात.

आणि ज्याला वाट पाहायची सवलत नाही ते आधीच सांगतो. अचानक एका बाजूला जबर कळ आणि सोबत उलट्या सुरू झाल्या, तर बीजकोशाला पीळ पडलेला असू शकतो किंवा अपेंडिक्स असू शकतं. त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. पीळ पडला असतानाही डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या, सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसू शकतो, त्यामुळे रिपोर्ट चांगला आणि मुलगी कळवळतेय, असं झालं तर तिथून हलू नका.

‘गोळ्यांनी पिशवी खराब होते.’ मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात. त्यांनी गर्भाशय खराब होत नाही, पुढे मूल होण्यात अडचणही येत नाही. नोव्हेंबर २०२३ अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक ॲसिडबाबत सावधगिरीची सूचना काढली आणि त्यानंतर ही भीती दुप्पट झाली. ती सूचना एका दुर्मीळ, तीव्र ॲलर्जीबद्दल होती. औषध सुरू केल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं अशी तिची लक्षणं असतात. असं काही दिसलं तर गोळी बंद करून लगेच डॉक्टर गाठायचे. पिशवीचा त्यात उल्लेख नव्हता.

खरी गडबड गोळी घेण्याच्या पद्धतीत होते. सहन होईनासं झालं की एक गोळी, तीही उपाशीपोटी, आणि मग ‘गोळीने काही होत नाही’. द्रव्यं आधीच तयार झालेली असली की गोळीचा जोर कमी पडतो. पाळीची चाहूल लागताच, काही खाऊन, सुरू करायची आणि पहिले दोन-तीन दिवस वेळेवर घ्यायची. मेफेनॅमिक ॲसिड १४ वर्षांपुढच्या मुलींना सहसा आधी ५०० मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी २५० मिलिग्रॅम असं देतात. दुकानात सर्रास मिळणाऱ्या जोडगोळीत ते २५० मिलिग्रॅमच असतं आणि सोबत डायसायक्लोमिन हे कळा सैल करणारं औषध, म्हणून सुरुवातीचा डोस अर्धाच पडतो. नेमका डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या. दमा, अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर अजिबात नकोत. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक खरोखर उपयोगी पडतो, तो चालू ठेवा.

अशा नीट घेतलेल्या गोळ्यांनी तीन पाळ्यांत फरक पडला नाही, तर पुढची पायरी सहसा हार्मोनच्या गोळ्यांची. एरवी गर्भनिरोधक म्हणून घेतात त्याच या, म्हणून नाव काढलं की घरात कुजबुज सुरू होते. या गोळ्या इथे अस्तर पातळ ठेवून दुखणं कमी करायला दिलेल्या असतात. अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे चमकणं, किंवा घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास, हे असेल तर न विचारताही डॉक्टरांना सांगा, मग गोळीचा प्रकार बदलतो.

‘सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे काही नाही.’ संपूर्ण मेसेजमध्ये सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच.

अविवाहित मुलीची सोनोग्राफी सहसा पोटावरून होते. तासभर आधी जवळजवळ लिटरभर पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची, म्हणजे भरलेल्या मूत्राशयातून मागचं गर्भाशय आणि बीजकोश दिसतात. मूत्राशय अर्धवट भरलं असेल किंवा आतड्यात गॅस असेल तर अर्धं चित्र झाकलं जातं, आणि रिपोर्टवर तरी ‘नॉर्मल’ येतं. चित्र उत्तम आलं तरी त्यात दिसतं काय? गाठी, मोठ्या चॉकलेट सिस्ट (बीजकोशातल्या जुन्या रक्ताच्या गाठी), साचलेलं रक्त, गर्भाशयाची ठेवण. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशी बाहेर ओटीपोटात रुजणं, किशोरवयात बहुधा पोटाच्या आतल्या पातळ आवरणावर बारीक ठिपक्यांसारखं असतं. हे ठिपके मोठ्या बायकांसारखे काळे-निळे नसून पारदर्शक किंवा लालसर असतात. सोनोग्राफीत ते दिसत नाहीत, आणि पोटात दुर्बीण घालून पाहिलं (लॅपरोस्कोपी) तरी न सरावलेल्या डोळ्याला चुकतात.

‘अकॉग’ या अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने डिसेंबर २०१८ मध्ये किशोरींसाठी स्वतंत्र मार्गदर्शन काढलं. त्यात म्हटलंय की वेदनाशामक आणि हार्मोन दोन्ही देऊनही दुखणं राहिलेल्या मुलींची दुर्बिणीने तपासणी केली, तेव्हा किमान दोन तृतीयांश जणींमध्ये एंडोमेट्रिओसिस सापडला. तीन ते सहा महिन्यांत आराम नसेल तर पुढचा शोध घ्या, असंही त्यात स्पष्ट आहे. आई किंवा सख्ख्या बहिणीला हा त्रास असेल तर मुलीचा धोका वाढतो. म्हणून ‘माझंही असंच दुखायचं’ हे वाक्य मुलीला गप्प करण्याऐवजी डॉक्टरांपुढे बोलावं. सीए-१२५ नावाच्या रक्ततपासणीवर निदानासाठी पैसे घालवू नका, ‘एश्रे’ या युरोपीय संस्थेच्या २०२२ च्या सूचनांनी ती या कामासाठी नाकारली आहे. दुर्बीण हीसुद्धा पहिली पायरी नव्हे. करायची झालीच तर एंडोमेट्रिओसिसची शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्यांकडे, तुकडा तपासणीला पाठवायचा हे आधी ठरवून. ‘आत घालून बघू’ म्हणत दोन-तीनदा नको.

सोनोग्राफीला जाताना एक विनंती न विसरता करा: दोन्ही मूत्रपिंडं पाहून रिपोर्टमध्ये लिहा. काही मुलींना जन्मतः दोन गर्भाशयं असतात आणि एका बाजूचा योनिमार्ग बंद असतो. दुसऱ्या बाजूने पाळी महिन्याच्या महिन्याला येत राहते, त्यामुळे अडथळ्याची शंका कोणालाच येत नाही. बंद बाजूला रक्त साठत जातं आणि पहिली पाळी आल्यापासून काही महिन्यांतच दुखणं चढत्या क्रमाने वाढतं. अशा मुलींमध्ये त्याच बाजूचं मूत्रपिंड बहुधा तयारच झालेलं नसतं. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत किंवा लहानपणी कधी ‘एकच किडनी आहे, काळजीचं कारण नाही’ असं सांगितलेलं असतं आणि तो कागद कपाटात पडून राहतो. तो शोधा. ओटीपोटाच्या एमआरआयने हे निदान पक्कं होतं.

‘पीसीओडी निघालं, कारण सापडलं.’ पाळी सुरू झाल्यावरची काही वर्षं बीजकोशात पुष्कळ बारीक पुटिका दिसतात, ते त्या वयाचंच लक्षण आहे. म्हणून पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं सोनोग्राफीवरून पीसीओएसचं (पीसीओडीचंच दुसरं नाव) निदान करू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. शिवाय पीसीओएसमध्ये पाळी लांबते, पुरळ, लव वाढते. सततचं ओटीपोट दुखणं हे त्याचं लक्षण नव्हे. या शिक्क्याखाली मुली वर्षभर वजन कमी करत राहतात आणि दुखणं तिथेच राहतं.

‘बहाणे करतेय.’ याला उत्तर म्हणजे वही. दोन महिने रोज एक ओळ, मुलीच्याच हाताने. अशी:

मंगळवार, पाळीपासून १७ वा दिवस. उजवीकडे खाली, १० पैकी ६. बसमधून उतरताना सुरू. दोन दिवस पोट साफ नाही. ११ ला गोळी, १ वाजता ३ वर. दोन तास बुडाले.

या एका ओळीतून डॉक्टरांना पाच दिशा मिळतात. ‘दोन दिवस पोट साफ नाही’ हे शब्द तर सोन्याचे. शाळेचं स्वच्छतागृह नको म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, शौच आणि लघवी दाबून धरतात, आणि बद्धकोष्ठतेने डावीकडे, कधी संपूर्ण ओटीपोटात दुखत राहतं. लघवी भरताना दुखून केल्यावर बरं वाटत असेल तर मूत्राशयाकडे पाहावं लागतं. लघवीच्या साध्या तपासणीसोबत कल्चरही (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) करावं. सायंकाळचा ताप, उतरतं वजन, घरात क्षयरोगी, असं असेल तर ओटीपोटाचा क्षय आपल्याकडे विसरून चालत नाही.

पोटाच्या भिंतीतल्या स्नायूचं किंवा नसेचं दुखणंही असतं, त्याची खूण पलंगावर कळते. मुलीला उताणं झोपवून दुखणारी जागा एका बोटाने दाखवायला सांगायची. डॉक्टर तिथे बोट दाबून ठेवतात आणि मुलगी डोकं-खांदे उचलते. दुखणं वाढलं तर ते बहुधा भिंतीतलं, आत खोल नाही. मग सोनोग्राफ्यांच्या रांगेऐवजी त्या जागी भूल देणारं इंजेक्शन निदान आणि उपचार दोन्ही करून जातं.

एकाच मुलीत दोन-तीन कारणं एकत्र असणं नेहमीचं आहे. महिनोन्महिने दुखत राहिलं की ओटीपोटाचे स्नायू कायमचे आवळून धरले जातात आणि नसा जास्त चटकन दुखू लागतात. तेव्हा फिजिओथेरपी लागते, समुपदेशकाचाही उपयोग होतो. तो शोधाच्या जोडीला हवा. त्याच्याकडे पाठवून फाइल बंद करणं चूक.

‘आतून तपासतात.’ पहिल्या भेटीत बहुतेक मुलींना आतल्या तपासणीची गरजच नसते. बोलणं, पोट चाचपणं, लागलं तर बाहेरून पाहणं, तेही मुलीला सांगून, तिची परवानगी घेऊन, आई किंवा महिला कर्मचारी जवळ असताना. याशिवाय वेगळं काही करायचं असेल तर का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. काही मिनिटं डॉक्टर मुलीशी एकटीशी बोलू द्या. नकोसा स्पर्श, जबरदस्ती, गरोदरपणाची शक्यता या गोष्टी ती तुमच्यासमोर बोलणार नाही. लघवीची गर्भचाचणीही सरसकट केली जाते, त्यात तिच्यावर संशय नसतो. गर्भनलिकेत गर्भ असेल आणि तो लक्षात यायचा राहिला तर जिवावर बेततं. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहेत, तिथून सुरुवात करता येते.

‘लग्न झालं, मूल झालं की थांबतं.’ गरोदरपणात पाळी बंद असते म्हणून काही जणींचं दुखणं तेवढ्यापुरतं थांबतं, पुष्कळदा परत येतं. फक्त एंडोमेट्रिओसिसवर उपाय म्हणून गरोदर राहायचा सल्ला देऊ नका, हे ‘एश्रे’च्या त्याच सूचनांमध्ये लिहिलंय. सोळा वर्षांच्या मुलीला हा सल्ला देणं म्हणजे तिला पुढची आठ-दहा वर्षं बिनऔषधाची ठेवणं. निदानावाचून वाढलेल्या दुखण्याचं पुढे काय होतं तेही महाराष्ट्राने पाहिलंय: बीडच्या ऊसतोड बायकांच्या कमी वयात काढलेल्या पिशव्यांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

पुढच्या भेटीला जाताना वही, जुने सगळे रिपोर्ट तारखेनुसार, आणि घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं डोस व दिवस लिहून बरोबर न्या. डॉक्टर ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणाले तर विचारा: कोणकोणती कारणं तपासून बाद केली, कोणती राहिली, आणि तीन महिन्यांत फरक पडला नाही तर कोणाकडे पाठवणार? उत्तर त्याच वहीत, त्यांच्यासमोर लिहून घ्या.