बॉक्सवरचे आकडे सोडा, खालची नळी बघा

मे महिना जवळ आला की मला मेसेज सुरू होतात. "ताई, काजव्यांना जायचंय भंडारदऱ्याला. पहिलाच ट्रायपॉड घेतोय, बजेट फार नाही. हा कसा वाटतो?" आणि खाली लिंक. लिंक उघडली की बहुतेक वेळा तोच: हजार-बाराशे रुपये, मोबाईल होल्डर फुकट, पिशवी फुकट, बुडबुड्याची लेव्हल, बाजूला लांब दांडी आणि ठळक अक्षरांत 'पाच किलो वजन पेलतो'. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकते. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

मोबाईलवर रील करायची असतील तर तो खुशाल घ्या. दोनशे ग्रॅमचा फोन त्याला झेपतो. कॅमेऱ्यासाठी मात्र नको.

आधी त्या पाच किलोंचं बघू. हा आकडा कसा मोजायचा, याचं सगळ्या कंपन्यांवर बंधनकारक असं प्रमाण नाही. एवढं वजन ठेवलं तरी मोडत नाही, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो. पण ट्रायपॉड मोडला म्हणून फोटो बिघडलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. हलला म्हणून बिघडलेले ढीगभर भेटतात. सुरुवातीचा डीएसएलआर किट लेन्ससकट पाऊण किलोच्या आतबाहेर असतो. वजनाचा प्रश्नच नाही, प्रश्न थरथरीचा आहे. काजव्यांचा फोटो म्हणजे वीस-तीस सेकंदांचं एक्स्पोजर, तेही एक नव्हे. एकाच जागेवरून ढिगाने फ्रेम काढायच्या आणि घरी आल्यावर एकावर एक चढवायच्या. तेवढा सगळा वेळ कॅमेरा केसभरही सरकता कामा नये, आणि बाजूच्या पायवाटेवरून गर्दी धपाधप चालत असते. (आणि हो, फ्लॅश आणि टॉर्च बंद, कॅमेऱ्याच्या लुकलुकत्या दिव्यावर चिकटपट्टी. काजवे चमकतात ते जोडीदाराला खुणावायला, आपल्या रीलसाठी नाही.)

त्या स्वस्त ट्रायपॉडमध्ये खरी गोम आहे ती पायांमधल्या आडव्या टेकूंची. छत्रीच्या काड्यांसारखे ते तिन्ही पायांना मधल्या दांड्याशी बांधून ठेवतात. दिवाणखान्यात छान वाटतं. सह्याद्रीत सपाट जमीन कुठे मिळते? एक पाय कातळावर, दुसरा खाचेत, तिसरा गवतात, असंच उभं करावं लागतं, आणि त्यासाठी प्रत्येक पाय वेगळ्या कोनात उघडायला हवा. टेकूवाल्यात ते जमत नाही. शिवाय रानफुलांच्या उंचीला खाली आणायचा म्हटला तरी येत नाही. म्हणून माझी पहिली चाळणी एवढीच: आडवे टेकू दिसले की पुढचं वाचायचं नाही.

दुसरी चाळणी नळीची. पायाची सगळ्यात वरची नळी जाड असते आणि तिच्यात एकेक बारीक नळी सरकत जाते. वरची २५ मिलिमीटर असेल तर खालच्या साधारण २२, १९, १६ अशा उतरत जातात. चार भागांचा पाय १६ वर थांबतो, पाच भागांचा १३ वर. फरक तीनच मिलिमीटरचा दिसतो, पण पत्र्याची जाडी सारखी धरली तर १६ ची नळी १३ च्या नळीपेक्षा जवळजवळ दुप्पट ताठ असते, कारण ताठपणा व्यासाच्या घनाच्या हिशेबाने वाढतो. 'मिटल्यावर इतका छोटा होतो' अशी जाहिरात दिसली की समजायचं, पायाचे तुकडे जास्त पाडलेत आणि शेवटची नळी काडी झालीय. माझ्या मते पहिल्या ट्रायपॉडला चार भाग पुष्कळ झाले. एसटीच्या रॅकवर तो नीट मावतो.

उंचीचं खूळ तर सगळ्यांनाच. 'साडेपाच फूट' लिहिलेलं असतं, पण ते मधला दांडा पूर्ण वर काढून. तो दांडा वर काढला की तीन पायांच्या ट्रायपॉडवर तुम्ही एक पायाची काठी उभी केलीत. दांडा न काढता उंची किती, ते विचारा. मी पाच फूट दोन इंच, म्हणजे डोळे साधारण १४७ सेंटिमीटरवर. हेड (पायांवर बसणारा, कॅमेरा धरणारा भाग) आणि कॅमेरा मिळून वीसेक सेंटिमीटर धरले तर सव्वाशे-एकशे तीसचे पाय मला भरपूर होतात. स्क्रीन वळणारी असेल तर तेवढेही लागत नाहीत. उंच मंडळींनी आपापला हिशेब करावा. थोडं वाकावं लागलं तर वाका.

दुकानात गेलात तर कॅमेरा आणि बॅगेतली सर्वांत लांब लेन्स सोबत न्या. पाय पूर्ण उघडायला लावा, दांडा खाली ठेवा. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर दिसणारं चित्र) चालू करून दूरच्या पाटीवरचं एखादं अक्षर दहापट मोठं करा आणि लेन्सच्या टोकाला बोटाने हलकी टिचकी मारा. अक्षर नाचेल. किती वेळात शांत होतं ते बघा, आणि शेजारचा दुसरा ट्रायपॉड लावून तेच करा. फरक इतका ढळढळीत दिसतो की विक्रेत्याला काही बोलायची गरज उरत नाही. मग बॉलहेड (गोळ्यावर सगळीकडे फिरणारं हेड) घट्ट करून हात काढा: चौकट खाली घसरते का? थोडी घसरण बहुतेक स्वस्त हेडमध्ये असते. पण घट्ट केल्यानंतरही लेन्स मान टाकत असेल तर ते हेड नको.

हेड पायांपासून वेगळं निघतं का, हे विचारायला विसरू नका. निघत असेल आणि जोड ३/८ इंची स्क्रूचा असेल तर पुढे पैसे साठले की नुसतं हेड बदलता येतं, पाय तेच राहतात. प्लेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूने लावून हेडमध्ये अडकवायची पट्टी, आर्का-स्विस पद्धतीची असावी, कारण ती हरवणारच, आणि तशी प्लेट कुठल्याही कॅमेरा दुकानात मिळते. कार्बन फायबरच्या मोहात या बजेटला पडू नका. दोन-चारशे ग्रॅम वाचवायला दुप्पट पैसे कशाला?

आता पैशांचं. नवीन, टेकू नसलेला, अ‍ॅल्युमिनियमचा, बॉलहेडवाला ट्रायपॉड चार ते सहा हजारांत मिळतो, सेलमध्ये थोडा खाली. तेवढे नसतील तर हजाराचा घेऊ नका, जुना शोधा. लेन्सला बुरशी लागते, बॉडीचा शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) वाढतो, ट्रायपॉडला यातलं काहीच होत नाही. मुंबईकरांनी फोर्टातल्या बोरा बाजारात एक चक्कर मारावी. जुना घेताना प्रत्येक लॉक लावून वरून हाताने दाबा, नळी सरकली की सोडून द्या. नळ्या पूर्ण बाहेर काढून सांध्यापाशी पांढरी भुकटी दिसते का बघा, तो समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा प्रताप. मॅनफ्रोट्टो कंपनीचा जुना मिळाला तर उत्तमच, फक्त त्यांच्या अनेक हेडना त्यांचीच वेगळी प्लेट लागते, ती सोबत आहे ना ते पाहून घ्या.

आणि जुनाही मिळेना, तर थांबा. पौर्णिमेच्या चंद्राला ट्रायपॉड लागतच नाही, तो उन्हात तापलेला खडक आहे. आयएसओ १००, एफ ११, सेकंदाचा १२५ वा भाग, हातात धरून निघतो. धबधब्यापाशी सॅक दगडावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, अर्ध्या सेकंदाचा फोटो आरामात येतो. अजिंठा-वेरूळला तर ट्रायपॉड असून उपयोग नाही, पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

कुणाचा ट्रायपॉड माळ्यावर धूळ खात पडला असेल तर गाव, शेवटच्या नळीची जाडी आणि किंमत खाली कमेंटमध्ये टाका. 'किंमत इनबॉक्समध्ये' लिहिणाऱ्यांची कमेंट उडवण्यात येईल.