पट्टी कापली की तारीख गेली

मेडिकल दुकानातून औषधं घेताना काय काळजी घ्यावी, यावरचा तुमचा लेख 'औषध घेताना बिल मागा' एवढ्यावर संपवलाय. बिल मागतोच हो आम्ही! पण दहाच्या पट्टीतल्या चारच गोळ्या हव्या असल्या की दुकानदार कात्री चालवतो, आणि एक्सपायरी छापलेला कोपरा नेमका त्याच्याकडे राहतो. दुसऱ्या टोकाकडून कापायला काय जातं?

माझी आई इन्सुलिनवर आहे. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलचा फ्रीज एकदा उघडलेला दिसला. दाराच्या कप्प्यात दुधाच्या पिशव्या, वर बर्फाच्या जाळीला टेकलेले इन्सुलिनचे खोके. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. हे सांगितल्यावर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, 'काकू, थंडच आहे ना?' फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेममध्ये, फार्मासिस्ट मात्र मी अजून पाहिलेला नाही.

आणि एच-वन, म्हणजे जास्त कडक नियम असलेल्या औषधांची सरकारी यादी? १ मार्च २०१४ पासून लागू आहे. सेफिक्झाइमसारखी अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं, ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. मला मात्र नुसतं औषधाचं नाव सांगून पट्टी मिळाली, तीही 'पाच दिवस घ्या' या सल्ल्यासकट.

सगळेच असे नाहीत, हेही खरं. आता आम्ही दोन स्टॉप लांबच्या दुकानातून घेतो. तिथल्या बाई फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहितात आणि इन्सुलिन बर्फाच्या पाकिटासोबत देतात, फक्त पाकीट परत आणून द्या म्हणतात.