बर्फ म्हणजे नुसतं पाणी नव्हे, ताई

गेल्या रविवारी कऱ्हाडहून ताईचा फोन. नातवाच्या दोन्ही गालांत गाठी आल्यात, सुपारीएवढ्या, वरून लाल, आणि हात लावला की कळवळतोय. ताप नाही, दूध नीट पितोय. सात महिन्यांचं पोर. जवळच्या डॉक्टरांनी इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक सुरू केलं होतं. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे नेलं, तर त्यांनी गाल चाचपून पहिलाच प्रश्न विचारला, "गालाला गार काही लावलं होतं का?" ताई गप्प. शेवटी सूनच हळू आवाजात म्हणाली, "आईंनी बर्फ फिरवला होता. परवा. ग्रुपवर आलेलं."

ते 'ग्रुपवर आलेलं' मी ताईकडून मागवून घेतलं. वर गुलाबी गालांच्या बाईचा फोटो, खाली "डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत". मजकूर थोडक्यात असा: रोज सकाळी १५ ते २० मिनिटं बर्फाचा खडा थेट चेहऱ्यावर घासा, बधिर झालं तरी थांबू नका. रोमछिद्रं कायमची बंद होतात. वांग आणि काळे डाग ७ दिवसांत जातात. पिंपल मुळापासून नष्ट होतात. सुरकुत्या जातात, बोटॉक्सची गरज उरत नाही. लिंबाच्या रसाचा बर्फ केला तर फायदा दुप्पट. तोंड बर्फाच्या पाण्यात बुडवून जितका वेळ श्वास रोखाल तितकं तेज वाढेल. लहान बाळाच्या गालांवरून फिरवा, गाल आयुष्यभर गुलाबी राहतील. साइड इफेक्ट शून्य, कारण शेवटी पाणीच तर आहे!

मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. बर्फ हे माझं रोजचं हत्यार, दिवसाकाठी आठ-दहा गुडघ्या-घोट्यांवर मी तो ठेवते. त्यामुळे "तुम्हाला घरगुती उपाय खपत नाहीत" हे ऐकून घ्यायला मी तयार नाही.

सुरुवात बाळापासूनच करते, बाकीचं नंतर.

बाळाच्या गालात जी चरबी असते ती मोठ्यांच्या चरबीपेक्षा वेगळी असते. तिच्यात संपृक्त मेदाम्लं जास्त, म्हणून ती लवकर थिजते. ताईला मी असं सांगितलं: थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठून बसते, आपण ती उन्हात ठेवतो किंवा गरम पाण्यात धरतो. शेजारच्याच शेंगदाण्याच्या तेलाला काही होत नाही. बाळाचा गाल म्हणजे खोबरेल, तुझा-माझा म्हणजे शेंगदाणा. बर्फ टेकला की आतली चरबी थिजते, पेशी दुखावतात, सूज येते आणि गाठ धरते. याला डॉक्टर कोल्ड पॅनिक्युलायटिस म्हणतात. १९७० साली एपस्टाइन आणि ओरेन या दोघांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये याच प्रकारावर लिहिलं. बर्फाची कांडी चोखल्यावर बाळाच्या गालात अशीच गाठ आली होती, म्हणून त्यांनी नाव दिलं 'पॉप्सिकल पॅनिक्युलायटिस'. पॉप्सिकल म्हणजे आपली बर्फाची कांडी, शाळेबाहेर पेप्सीकोला म्हणून मिळायची तिचीच बहीण. पन्नासहून जास्त वर्षं हे छापून पडलंय, आणि ताईच्या ग्रुपवर "डॉक्टर सांगणार नाहीत".

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की गाठ लगेच येत नाही. एक-दोन दिवसांनी येते. तोवर बर्फ लावल्याचं घरात कुणाच्या लक्षातही राहत नाही. मग गालगुंड असेल, दात येत असतील, कुणाची तरी नजर लागली असेल, असे सगळे अंदाज निघतात आणि वर अँटिबायोटिकची बाटली फुटते. खरं तर औषध लागतच नाही. काही आठवड्यांत गाठ आपोआप विरते, कधीकधी तपकिरी डाग मागे ठेवून. आमच्या पोराच्या उजव्या गालातली गाठ आता वाटाण्याएवढी राहिली आहे.

आणि तान्ह्या बाळाच्या तोंडावर बर्फ ठेवणं हा वैद्यकातला खरा उपाय आहे, हे कुणी मला ऐकवण्याआधी मीच सांगते. बाळाच्या हृदयाची गती अचानक अफाट वाढते असा एक आजार आहे. त्यात हॉस्पिटलमध्ये बर्फाच्या पाण्याची पिशवी काही सेकंद, पुन्हा सांगते, सेकंद, बाळाच्या चेहऱ्यावर ठेवतात. चेहऱ्याला गार लागलं की मेंदूकडून हृदयाला 'सावकाश' असा निरोप जातो. पाण्यात बुडी मारणाऱ्या सगळ्या सस्तन प्राण्यांत ही यंत्रणा असते. तिथे शेजारी ईसीजी चालू असतो आणि डॉक्टर उभे असतात. जी गोष्ट हृदयाचा ठोका खाली आणायला वापरतात, ती गुलाबी गालांसाठी बैठकीत बसून करायची?

हाच धागा पातेल्यात तोंड बुडवण्यालाही लागू आहे. धडधाकट पोरगी दहा सेकंद तोंड बुडवेल आणि हसत बाहेर काढेल, तिला काही होणार नाही. पण ताईच्या त्या ग्रुपवर निम्म्या बायका साठीच्या पुढच्या. कुणाची बीपीची गोळी ठोके मुळातच कमी करणारी, कुणाची अँजिओप्लास्टी झालेली. त्यांना "जितका वेळ श्वास रोखाल तितकं तेज" हे कुणी आणि कोणत्या अधिकाराने सांगितलं?

आता ते "बधिर झालं तरी थांबू नका". हे वाचून मला खरंच संताप आला. बर्फ लावला की माणसाला चार गोष्टी क्रमाने जाणवतात हे आम्हाला कॉलेजात शिकवतात: आधी गार, मग जळजळ, मग ठणका, मग बधिर. चौथी पायरी आली की मी बर्फ उचलते, कारण त्यानंतर कातडी भाजली तरी पेशंटला कळत नाही. हो, बर्फाने भाजतं. बर्फाचा नुसता एक ग्रॅम वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते आणि ती तो तुमच्या कातडीतून ओढतो. म्हणून नुसत्या गार पाण्यापेक्षा त्याचा चटका वेगळा. फ्रीझरमधून काढलेला खडा उणे १८ अंशांच्या आसपास असतो, ओल्या बोटाला ट्रे चिकटतो तो त्यामुळेच. मी मांडीसारख्या जाड भागावरसुद्धा मध्ये ओला टॉवेल ठेवते आणि घड्याळ लावते. गालाच्या हाडावर आणि नाकाच्या शेंड्यावर कातडीखाली आहेच किती?

वांगाचं म्हणाल तर ७ दिवसांत वांग घालवणारी वस्तू त्वचारोगतज्ज्ञांकडेही नाही. वांग येतं ऊन, हार्मोन्स, बाळंतपण आणि आनुवंशिकता यांतून. बर्फ यातल्या कशालाच हात लावत नाही. उलट आपली सावळी-गव्हाळ कातडी कुठल्याही जखमेनंतर काळी पडते, साधा डास चावल्याचा डाग महिनोन्‌महिने राहतो. बर्फाने भाजलं तर तिथे नवा डाग पडणार. आणि गारठा फारच खोल गेला तर उलटंही होतं: रंग तयार करणाऱ्या पेशी थंडीला सगळ्यात नाजूक. चामखीळ जाळायला डॉक्टर उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन मारतात, त्यानंतर कित्येकांना तिथे पांढरा ठिपका राहतो तो याच कारणाने.

रोमछिद्रांना दरवाजे नसतात. उघडायला-मिटायला तिथे स्नायूच नाही. बर्फाने आजूबाजूची कातडी थोडा वेळ आक्रसते, छिद्र बारीक दिसतं, चहा पिऊन होईतो पूर्ववत. सुरकुत्या आणि बोटॉक्सवर मी शब्द खर्च करणार नाही. बोटॉक्स नसेचा स्नायूकडे जाणारा निरोप तीन-चार महिने अडवतं, बर्फाच्या खड्याची आणि त्याची तुलना करणाऱ्याला ते काय आहे हेच माहीत नाही. आणि 'तेज'? गारठ्याने आक्रसलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा उघडतात, रक्त धावतं, गाल लाल होतात आणि वर पाण्याचा थर चमकतो. फोटो तेवढ्यात काढायचा असतो.

लिंबाचा बर्फ मात्र हसण्यावारी नेऊ नका. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं कातडीवर असताना ऊन लागलं की तिथे भाजल्यासारखे फोड येतात आणि मग गडद तपकिरी पट्टे उमटतात. ते आठवडे, कधी महिने जात नाहीत. सकाळी लिंबाचा बर्फ घासायचा आणि लगेच गच्चीवर वाळवण घालायला जायचं, याहून पक्की कृती डाग पाडायला दुसरी नाही. त्यात कितीतरी घरांत मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोरेपणाची ट्यूब असते. त्यातल्या स्टेरॉइडने चेहऱ्याची कातडी आधीच पातळ झालेली, वर हे.

बरं, आता जे खरं आहे ते. सकाळी डोळ्यांखाली आलेली सूज बर्फाने उतरते, तास-दोन तास. थ्रेडिंग केल्यावर पार्लरवाली भुवयांवर बर्फ फिरवते तेही बरोबर, आग कमी होते. ठणकणाऱ्या एखाद्या पिंपलवर रुमालात गुंडाळलेला खडा मिनिटभर धरला तर ठणका आणि लाली कमी होते. पिंपल मात्र मुळापासून जात नाही. त्याचं मूळ तेलग्रंथी, तुंबलेलं छिद्र आणि तिथले जंतू यांत आहे, तिथवर बर्फ पोचत नाही. आणि बर्फाने सूज उतरली म्हणजे बरं झालं, हे आमच्या धंद्यातही आता कुणी ठामपणे म्हणत नाही. दुखापतीला विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच, हे सूत्र १९७८ मध्ये ज्यांनी रूढ केलं त्या डॉ. गेब मिर्किन यांनीच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फाने भरून यायला उशीरही होऊ शकतो.

राहिलं "पाणीच तर आहे". काही लोकांना गार लागलं की अंगावर गांधी उठतात, आपण त्याला शीतपित्त उठलं म्हणतो. गारठ्याने उठणाऱ्या या पित्ताची तपासणी कशाने करतात माहीत आहे? बर्फानेच. प्लास्टिकच्या पिशवीत खडा घालून हातावर पाच मिनिटं ठेवायचा, काढायचा आणि दहा मिनिटं वाट बघायची. गांधी उठली तर निदान पक्कं. अशा माणसांनी थंड पाण्यात पोहायला उडी मारली तर बीपी घसरून जीवावर बेतू शकतं. म्हणून माझ्याकडे बर्फाची पिशवी उचलण्याआधी मी प्रत्येकाला विचारते: गार पाण्याने अंगावर काही उठतं का, थंडीत बोटं पांढरीफट्ट पडतात का, साखर आहे का, इथे हात लावलेला कळतो का. मग कातडी बघते. ताई, तुझ्या त्या फॉरवर्डमध्ये यातला एक तरी प्रश्न आहे का, शोधून सांग. आणि पोराचा गालाचा फोटो रोज पाठवत जा, उजव्या बाजूचा, उजेडात काढलेला.