नायगाराच्या कुमारिका-बळीची गोष्ट खोटी आहे, ती पुढे पाठवू नका

गेल्या आठवड्यात अमळनेरहून मावशीचा व्हॉइस मेसेज आला, "भाऊ, हाई खरं शे का रे?" सोबत 'नायगाराची पाच रहस्ये' नावाची लांबलचक पोस्ट. ती मी आधीही दोन ग्रुपवर पाहिली होती आणि सोडून दिली होती, ही माझी चूकच झाली. कारण मावशीच्या नातीने, म्हणजे माझ्या भाचीने, ती चोपडा तालुक्यातल्या आपल्या शाळेत भाषण म्हणून पाठ करून म्हटली. वर्गात सातपुड्यातल्या पावरा आदिवासी घरांतली मुलं आहेत. भाषण संपल्यावर एका पोराने शेजारच्या पावरा मुलीला विचारलं, "तुमच्यातबी बळी देतात का?" ती मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही.

हे वाक्य आहे पहिल्या 'रहस्या'त: "नायगाराचे आदिवासी दरवर्षी सगळ्यात सुंदर कुमारिकेला होडीत बसवून धबधब्यात सोडत. एकदा सरदाराच्याच मुलीवर ती वेळ आली. पुढे गोऱ्यांनी ही प्रथा बंद केली. आजही तुषारांत तिचा चेहरा दिसतो."

अशी प्रथा नव्हती. नायगाराच्या परिसरातले सेनेका लोक होडेनोसोनी संघातले, म्हणजे इंग्रज ज्यांना इरोक्वॉय म्हणत त्या सहा आदिवासी राष्ट्रांतले. धबधब्याला मुली वाहण्याची चाल त्यांच्यात नाही. त्यांची जी मूळ गोष्ट आहे ती लुईस हेन्री मॉर्गन या अमेरिकन अभ्यासकाने १८५१ साली छापली, आणि त्या पुस्तकासाठी मॉर्गनना मदत करणारे इली पार्कर स्वतः सेनेका होते. म्हणजे घरच्या माणसाने सांगितलेली गोष्ट. त्यात एका मुलीचं लग्न तिला नकोशा म्हाताऱ्याशी ठरवतात. ती स्वतःच होडी घेऊन निघते आणि प्रवाहात सापडते. धबधब्यामागच्या गुहेत मेघगर्जनेचा देव हेनो राहतो, तो तिला घोंगडीत अलगद झेलतो. गावात दरवर्षी साथ का येते, ते तिला त्याच्याकडून कळतं: गावाखाली राहणारा एक प्रचंड साप पाणी विषारी करतो. गाव तिथून हलतं, हेनो सापाला विजेने मारतो, आणि त्याचं वाकडं झालेलं धूड कड्यावर अडकून धबधब्याला घोड्याच्या नालेचा आकार येतो.

बळीचा मागमूस तरी आहे का यात? मुलीला वाचवलं जातं आणि तिच्यामुळे गाव वाचतं. मग बळी आला कुठून? पर्यटकांसाठी. एकोणिसाव्या शतकात तिथे हौशी प्रवाशांची रीघ लागली आणि त्यांना अंगावर काटा आणणारी कहाणी हवी होती. १८४६ पासून चालणाऱ्या 'मेड ऑफ द मिस्ट' बोटींवर प्रवाशांना ही कुमारिकेची गोष्ट ऐकवली जायची. मूळ रहिवाशांनी हरकत घेतल्यावर १९९६ मध्ये ती बंद झाली. तिथल्या बोटीवर बंद झालेली गोष्ट आपण इथे खान्देशात मराठी करून पोरांना पाठ करायला देतोय!

आणि "गोऱ्यांनी प्रथा बंद केली" या वाक्याची तर चीड येते. गोऱ्यांनी तिथे काय केलं ते कागदावर आहे. त्याच सहा राष्ट्रांपैकी टस्करोरा लोकांची जमीन नायगाराच्या वीजप्रकल्पाच्या जलाशयासाठी घेतली. ते न्यायालयात गेले आणि १९६० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. सुमारे ५५० एकर पाण्याखाली गेले. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी निकालाशी असहमत होताना लिहिलं की थोर माणसांप्रमाणे थोर राष्ट्रांनीही दिलेला शब्द पाळायला हवा. नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराच्या पाण्यात मणिबेली बुडालेलं ज्यांना आठवतं, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ज्यांची जमीन गेली त्यांच्याच माथी मुलींच्या खुनाचा आळ!

बाकीची रहस्यं भराभर उरकतो. "जगातला सर्वांत उंच धबधबा." साफ चूक. नायगारा सत्तावन्न मीटरच्या आसपास आहे, शेजारच्या कर्नाटकातला जोग २५३ मीटर, व्हेनेझुएलाचा एंजल ९७९. नायगाराचं मोठेपण पाण्याच्या लोंढ्यात आहे. उंची वाढवून सांगायची खोड मात्र जुनी, लुई हेनेपिन या पाद्र्याने १६९७ च्या पुस्तकात ती सहाशे फूट लिहून ठेवली होती.

"अमेरिकेने १९६९ मध्ये बटण दाबून नायगारा बंद केला." यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावंच लागेल. त्या वर्षी लष्कराच्या अभियंत्यांनी नदीत मातीचा तात्पुरता बंधारा घालून जूनपासून नोव्हेंबरपर्यंत अमेरिकन बाजूचा धबधबा कोरडा ठेवला, कड्याची झीज आणि खाली पडलेले दगड तपासायला. पण मोठा, नालेच्या आकाराचा धबधबा वाहतच होता. पाण्यावर नियंत्रण आहे, तेही खरं. अमेरिका आणि कॅनडाच्या १९५० च्या करारानुसार पर्यटनाच्या मोसमात दिवसा किमान १ लाख क्युसेक पाणी धबधब्यावरून सोडावं लागतं, रात्री आणि हिवाळ्यात ५० हजार. उरलेलं विजेसाठी. पावसाळ्यात हतनूर धरणाच्या दरवाजांची आणि क्युसेकची बातमी रोज वाचणाऱ्या भुसावळकरांना यात रहस्य वाटू नये.

"टेस्लाने तिथे जगातलं पहिलं जलविद्युत केंद्र बांधलं." नाही, अमेरिकेतल्याच ॲपलटन गावात १८८२ साली पाण्यावर वीज तयार होत होती. नायगाराहून १८९६ मध्ये बफेलो शहराला वीज गेली, ती निकोला टेस्ला या संशोधकाच्या एसी (उलटसुलट वाहणाऱ्या विजेच्या) पद्धतीने, इतकंच खरं.

शेवटचं रहस्य म्हणे "धबधब्याने शेजारच्या शहराला सोन्याचं केलं." कुठल्या शहराला? नदीच्या दोन्ही काठांवर नायगारा फॉल्स याच नावाची दोन शहरं आहेत. कॅनडाच्या बाजूला हॉटेलांचा झगमगाट आहे. अमेरिकेच्या बाजूच्या शहरात १९६० मध्ये १ लाखावर लोक होते, २०२० मध्ये ५० हजारही उरले नाहीत. स्वस्त विजेमुळे तिथे रसायनांचे कारखाने आले. त्यातल्या हूकर कंपनीने 'लव्ह कॅनॉल' नावाच्या अर्धवट कालव्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ साली ती जागा शाळा मंडळाला १ डॉलरला दिली. तिथे शाळा झाली, घरं झाली. १९७८ मध्ये तळघरांतून विष वर आलं, आणीबाणी जाहीर झाली, शेकडो कुटुंबं हलवावी लागली. खरा विषारी साप जमिनीखाली हा होता, आणि तो माणसांनीच पुरला होता.

मावशीला उत्तर पाठवलंय, "नही मावशी, हाई खोटं शे." भाचीला हेनोची गोष्ट लिहून दिली आहे. ती येत्या सोमवारी त्याच वर्गात, त्याच मुलांसमोर सांगणार आहे. ज्यांनी ती पोस्ट ग्रुपवर टाकली, त्यांनी दुरुस्तीही त्याच ग्रुपवर टाकावी.