वाकळ शिवायला पैसे, कुलूप उघडायला नाहीत

इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या ज्या गावात आम्ही राहतो, तिथल्या लायब्ररीत एका हिवाळ्यात दर गुरुवारी बायका शिवायला बसायच्या. पंजाबी, जमैकन, पोलिश, इंग्रज. प्रत्येकीने घरून जुनं कापड आणायचं, त्याची गोष्ट सांगायची आणि तो तुकडा एका मोठ्या रजईला जोडायचा. त्या वर्षी आई आमच्याकडे आली होती. तिला इंग्रजी येत नाही. तिने आजीच्या इरकली लुगड्याचा तुकडा नेला आणि आमच्याकडे वाकळेला धावदोरा कसा घालतात ते हातानेच दाखवलं. तिसऱ्या गुरुवारी दोघीजणी तिच्याजवळ बसून शिकत होत्या. घरात दिवसभर खिडकीपाशी बसून राहणारी आई त्या संध्याकाळी मला रस्ताभर सांगत होती, कोणाचा टाका कसा पडला ते.

या उपक्रमाचा खर्च लॉटरीच्या पैशातून झाला. ब्रिटनमध्ये १९९४ साली राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली. तिच्या उत्पन्नातला काही वाटा कलांसाठी राखलेला असतो आणि इंग्लंडमध्ये तो आर्ट्स कौन्सिल ही सार्वजनिक संस्था वाटून देते. २०११ पासून लायब्ररींच्या विकासाचं कामही याच कौन्सिलकडे आहे. पुढच्याच वर्षी तिने लायब्ररींतल्या कलाउपक्रमांसाठी ६० लाख पौंडांचा वेगळा निधी काढला होता. आजही लायब्ररीला आपला प्रकल्प मांडून पैसे मागता येतात. कविता, नाटक, शिवण, गावाचा इतिहास, काहीही चालतं. लोक लायब्ररीत नुसते वाचायला नाही, तर काही घडवायला येतात, हे इथे सार्वजनिक पैशाने मान्य केलं आहे आणि मला त्याचं फार मोल वाटतं.

पण आमचा प्रकल्प संपला आणि वर्षभरात लायब्ररी आठवड्यातून दोनच दिवस उघडू लागली. मेजं मांडणाऱ्या, चहा करणाऱ्या, आईला खुणेने बोलावून घेणाऱ्या ग्रंथपाल बाईंची नोकरी गेली. प्रकल्पाचं अनुदान वेगळ्या खिशातलं आणि रोजचा पगार स्थानिक कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या खिशातला. पहिला खिसा भरलेला असताना दुसरा रिकामा होत होता. हे आमच्याच गावचं दुखणं नाही. बर्मिंगहॅमची भव्य लायब्ररी २०१३ मध्ये सुमारे १९ कोटी पौंड खर्चून उभी राहिली, मलाला युसुफझाईच्या हस्ते उघडली आणि २०१५ मध्ये तिची वेळ आठवड्याला ७३ तासांवरून ४० तासांवर आली. लायब्ररी चालवणं हे १९६४ च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलचं कर्तव्य आहे, पण किती तास उघडी ठेवायची ते कायदा सांगत नाही.

हे सगळं डोक्यात असतानाच तासगावकडच्या आमच्या गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाद पेटला. गावातलं वाचनालय ‘ड’ वर्गातलं, म्हणजे सरकारी अनुदानाच्या सगळ्यात खालच्या वर्गातलं. माझा चुलतभाऊ, दादा, त्याचा कार्यवाह. कोणीतरी लिहिलं, वाचनालयात कुत्रं फिरकत नाही, वर्षाला किती कार्यक्रम केले ते मोजा आणि तेवढंच अनुदान द्या. परदेशातल्या आम्हा चौघापाचांनी लगेच मान डोलावली. मीसुद्धा रजईचा फोटो टाकला.

तो टाकायला नको होता असं आता वाटतं.

महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली ही वाचनालयं चालतात. अनुदानात ६० टक्के वाढ झाली तेव्हा ‘ड’ वर्गाला वर्षाचे ३० हजारांचे ४८ हजार झाले. म्हणजे महिन्याला ४ हजार. पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, सगळं त्यातच. कागदावरची वाचनालयं आहेत हे खरंच आहे. २०१२ साली राज्यभर पडताळणी झाली ती उगाच नाही. पण त्या ४ हजारांतून कार्यक्रम मोजायला लागलात, तर बॅनर आणि फोटो तेवढे वाढतील.

कार्यक्रमांना पैसे मिळावेत असं माझं ठाम म्हणणं आहे. आपल्याकडे व्याख्यानमालांची परंपरा मोठी आहे, पण तिथे एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. ओव्या येणाऱ्या आज्या, भित्तिपत्रक काढणारी शाळकरी मुलं, वाकळ शिवणाऱ्या बाया यांच्यासाठी वाचनालयात जागा हवी. त्यासाठी जिल्हा पातळीवर छोटा, वेगळा निधी असावा. अर्ज एका पानाचा, मराठीत. इंग्लंडसारखा अर्ज लिहायलाच माणूस नेमावा लागेल असा नको. आणि त्या रकमेत ग्रंथपालाच्या जादा तासांचे पैसे धरलेच पाहिजेत. मूळ अनुदानाला मात्र हात लावू नये. आधी तेच वाढावं.

मी हे दादाला फोनवर सांगितलं. त्याने तिथल्या तिथे हिशेब मांडला. जुनी लुगडी घरोघरी आहेत, सुया-दोऱ्याला पाचशे रुपये पुरतील, ओव्या सांगायला शेजारच्या वाडीवरून येणाऱ्या आजींचं एसटीचं भाडं शंभरच्या आत. मग म्हणाला, “बायांना सवड रानातनं आल्यावर, सातनंतर. आमची ग्रंथपाल पोरगी दोन हजारांत दुपारी तीन तास बसती. तिला रात्री नवापर्यंत थांब म्हणून मी कोणत्या तोंडानं सांगू?”